ताईचा राक्षस

अकोटला ताईच्या घरी आम्ही दोघं एकच गेम खेळायचो. खातं एक, फोन दोन. ब्लाउज शिवून पाठ भरून आली की ती भिंतीला टेकून बसायची, तेवढा वेळ तिला कशात तरी रमता यावं म्हणून मीच तो शिकवला. दहावीनंतर तिनं शाळा सोडली आणि मी अमरावतीला कॉलेजात गेलो. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पण ती तिच्या शिवणावर मिळालेली. हे मी विसरत नाही, आणि घोळ त्यातूनच झाला.

गेममध्ये तलवार घेतलेली एक बाई आहे. तिची ताकद वाढवायची तर लांडगे, चोर असले बारके शत्रू मारत बसायचं, म्हणजे पातळी चढते. ताईला त्याचा कंटाळा. तिची बाई अशक्तच राहिली. तरी पुलावरच्या राक्षसाशी ती महिनाभर लढत होती. तो खांदा उचलतो तेव्हा डावीकडे लोळायचं, शेपूट आपटतो तेव्हा मागे सरायचं, हे तिनं मरून मरून बोटांत बसवलं होतं. शेवटी तो वरून उडी मारतो, तेवढी चुकवायची राहिली होती.

मला तिचं हरणं बघवेना. मी आयुष्यभर घोकून घोकून परीक्षेला बसलो. कमी तयारीनं कुणी मुद्दाम उभं राहील हे माझ्या डोक्यातच येत नाही. एका रविवारी परतवाड्यामार्गे एसटीनं जाताना मी रस्ताभर लांडगे मारले. तिच्या बाईची पातळी खूप वर नेली, जड तलवार घेतली. अकोट येईपर्यंत खुशीत होतो. तिला काही सांगितलं नाही.

दुपारी तिनं फोन घेतला. राक्षसानं खांदा उचलला, ती लोळली, दोन-तीन वार केले आणि तो पडला.

"त्यानं उडी तं मारलीच नाई," ती म्हणाली. "मेला कसा? तू मायी बाई खेळला काय रे?"

मी बसमधलं सगळं सांगितलं.

"कावून पण?"

"तुले जमत नव्हतं म्हणून."

"जमत आलतं मले." फोन खाली ठेवून म्हणाली, "इतका शिकला, पन इचाराले तोंड नाई तुले."

मेलेला राक्षस त्या गेममध्ये परत येत नाही, चढलेली पातळीही उतरत नाही. नवी बाई काढून पुलापर्यंत आणून देतो, असं मी म्हणालो. त्यावर तिनं पासवर्ड कसा बदलतात ते मला विचारून घेतलं, आणि टाकताना मला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

आता तिची नवी बाई पहिल्याच जंगलात आहे. पूल फार लांब. परवा एका साध्या लांडग्यानं तिला पुन्हा पुन्हा मारलं. कुठं चुकतंय ते मला दिसत होतं, ओठांवर आलं होतं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेलो आणि ती पुन्हा मरेपर्यंत माठापाशी उभा राहिलो.