रविवारी दहा ते साडेअकरा

किस्से प्रत्येकाकडे असतात. लोक ते पारावर सांगतात, लग्नाच्या मांडवात सांगतात, ऊस घेऊन कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून बसल्या बसल्या सांगतात आणि मोकळे होतात. माझ्याकडचे मात्र साठत गेले. सांगायला माणूसच उरला नाही ना! आता तुम्ही बसलाच आहात, तुमच्या पंपाच्या मोटारीचं वार्निश वाळायलाही अजून थोडा वेळ आहे, तर ऐका.

बारामतीहून इंदापूरकडे येताना रस्त्याला लागूनच माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर खोलायची, जुनी तार काढायची, नवी भरून वर वार्निश द्यायचं, हा धंदा. हे काम मी तरुणपणी वालचंदनगरला शिकलो. तिथं क्वार्टर्समध्ये राहणारे एक मेस्त्री मला रविवारी जेवायला बोलवायचे. ते ख्रिस्ती. जेवणाआधी त्यांच्याकडे प्रार्थना असायची. पहिले सहा महिने मी जेवणासाठी प्रार्थनेला बसलो. प्रार्थनेसाठी जेवायला कधी थांबायला लागलो, ते माझं मलाही कळलं नाही!

गावात येऊन दुकान टाकलं. बरीच वर्षं मनातलं मनात ठेवलं. मग एक दिवस घरी सांगून टाकलं, की मी येशूचा झालो.

* * *

बातमी दोन दिवसांत गावभर. तिसऱ्या दिवशी माझा शाळासोबती बापू दुकानाच्या मागच्या दारानं आत आला.

"खंडू, खरं सांग. ट्रॅक्टर देत्यात म्हणं?"

"न्हाय रं बाबा."

"बरं, ट्रॉली तरी?"

"काय बी न्हाय."

बापूनं कपाळावर हात मारला. "ट्रॉलीबिगर गेलास? येडा का खुळा तू!"

जाताना मात्र म्हणाला, "दिलीच समजा पुढंमागं, तर मला आधी सांग." तो हसला, मीही हसलो. गावात कुणाबरोबर मोकळा हसलो असा तो शेवटचा दिवस.

* * *

कारण त्याच आठवड्यात भावकीची बैठक बसली. ठरलं, की खंडूशी कुणी बोलायचं नाही, त्याला लग्नाकार्याला बोलवायचं नाही, त्याच्या दारात कुणी पाणी प्यायचं नाही. सगळ्यात आधी हात वर केला तो माझ्या थोरल्या भावानं. वडील लवकर गेले. मला शाळेत घातलं ते दादानं, वालचंदनगरला कामाला लावलं तेही त्यानंच. त्याच दादानं हात वर केला.

तेव्हापासून दादानं माझ्याशी बोलणंच टाकलं. आमच्या दोन घरांत भिंत एकच. पलीकडं तो खोकला की इकडं मला ऐकू यायचं. औषध घे, एवढंही म्हणता यायचं नाही. लोक म्हणतात गावानं वाळीत टाकल्याचं दुःख मोठं. मला तर गावाचं फारसं काही वाटलं नाही. दादाचं वाटलं, आणि अजून वाटतं.

* * *

आता गाव म्हटलं की ऊस, आणि ऊस म्हटलं की मोटारी. भर उन्हाळ्यात व्होल्टेज खाली गेलं की मोटारी पटापट जळतात. भावकी बहिष्कार टाकेल, मोटर थोडीच टाकते!

एका दुपारी भावकीतले आबा बैलगाडी घेऊन आले. बैठकीत सगळ्यात मोठ्यानं बोललेले तेच. गाडीत कडबा, कडब्याखाली मोटर. मोटर उतरवून दुकानात ठेवली आणि तिच्याकडे बघत आबा म्हणाले,

"ह्या मोटारीला कुणीतरी सांगा, मंगळवारच्याला तयार पायजे. ऊस वाळाय लागलाय."

मी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात आम्ही दोघंच! मग मलाही उजेड पडला. मीही मोटारीलाच म्हणालो, "बाई, वार्निश वाळाय दोन दिस लागत्यात. बुधवारी सकाळी येऊन घेऊन जा म्हणावं."

"बेअरिंग बी बघ म्हणावं."

"बघतो म्हणावं."

आबा गाडीपर्यंत गेले, परत फिरले आणि मोटारीला दटावून म्हणाले, "आन् सांगून ठेव, देव तुझा तुला लखलाभ. आमाला नकोय. कॉइल मातुर तूच भरायची!"

त्या उन्हाळ्यात मी गावातल्या निम्म्या मोटारींशी बोललो. पोरीचं लग्न ठरलं, म्हैस व्याली, सगळं मला मोटारींकडूनच कळायचं. दादाची मोटर मात्र एकदाही आली नाही. जळाली होती, मला माहीत होतं. तो ती पार बारामतीला घेऊन गेला.

* * *

रविवारी दहा ते साडेअकरा दुकानात प्रार्थना. मोटारी बाजूला सारायच्या आणि सतरंजी अंथरायची. आम्ही सात जण होतो. कारखान्यावरचा एक ड्रायव्हर, त्याची बायको, दोन मुलं, शेजारच्या गावच्या लीलाकाकू, एक थकलेले बाबा आणि मी. माझी बायको त्यात नाही. ती तिचे देव पूजते, तरी आमच्यासाठी चहा करते आणि वर म्हणते, "तुमी तुमचं करा, मी माझं करते. साखर दोघांचीबी एकच हाय."

बारामतीहून पास्टर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे. एकदा दुकानाची पाटी वाचून ते थबकले. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलंय 'खंडेराया मोटर रिवायंडिंग'.

"भाऊ, ही पाटी बदलावी लागेल. विश्वासी माणसाच्या दुकानाला हे नाव शोभत नाही."

गंमत बघा, त्याच आठवड्यात भावकीतली चार पोरं आली. "आमच्या देवाचं नाव तुझ्या दुकानावर नको. पाटी उतरव!"

तीन वर्षांत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर! मी दोघांनाही एकच उत्तर दिलं. "पाटीला हात लावणार न्हाय. दादानं रंगवून आणलीय."

पास्टर म्हणाले, प्रार्थना करून ठरवू. पोरं म्हणाली, दादालाच विचारून येतो. पास्टरांची प्रार्थना अजून चालू आहे. पोरं मात्र परत आलीच नाहीत.

* * *

विश्वासी लोकांत एक सवय असते. काहीही बिघडलं की सैतानावर बिल फाडायचं. टायर पंक्चर, सैतान. दूध उतू गेलं, सैतान. मी मोटारवाला माणूस, मला आधी वायर बघायची सवय.

एका रविवारी ऐन गाण्यात पंखा बंद पडला. लीलाकाकू डोळे न उघडताच गरजल्या, "सैताना, निघ हितनं! प्रभूच्या नावात निघ!" ड्रायव्हरही जोरात प्रार्थना करायला लागला. मी हळूच दारातून डोकावलो. पलीकडच्या विजेच्या डीपीजवळ माणूस उभा, हातात फ्यूज.

मी आत येऊन म्हणालो, "काकू, जरा हळू. सैतान न्हाय, आमचा दादा हाय."

पण त्याच डीपीवर दादाचं घर, आणि घरात वहिनीची पिठाची गिरणी! दोन मिनिटांत वहिनी कोपरापर्यंत पीठ माखलेली रस्त्यावर. "कोण मेला फ्यूज काढणारा? निम्मं दळण आत अडकलंय!"

दादानं मुकाट्यानं फ्यूज बसवला. पंखा फिरला. लीलाकाकू हात वर करून म्हणाल्या, "बघा, निघाला का न्हाय!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. कितीतरी महिन्यांनी दादाचा चेहरा समोरून पाहिला होता. गालफडं बसली होती त्याची.

त्यानंतर भावकीनं दादाला सांगितलं, फ्यूजबिज नको, नुसती नजर ठेव. कोण येतं, कोण जातं, बघ. भाऊ तुझा, जबाबदारी तुझी. तेव्हापासून दर रविवारी दहाला दादा समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावर येऊन बसायला लागला. आमचं संपलं की उठायचा. चहावाला म्हणायचा, दोन कप घेतो, बोलत कुणाशी नाही.

* * *

आमच्या जत्रेला प्रत्येक घरी पाहुणे येतात. मटणाचे हंडे चढतात. आमच्याकडे दरवर्षी तीस-पस्तीस पान व्हायचं. बहिष्कारानंतरच्या पहिल्या जत्रेला मी बायकोला म्हणालो, कुणी येणार नाही, दोघांपुरतं कर. तिचा हात काही आखडला नाही. पंधरा माणसांचं केलं तिनं.

दुपार गेली, संध्याकाळ गेली. भिंतीपलीकडं दादाच्या अंगणात पंगतीवर पंगत उठत होती. आमच्या दारासमोरून पाहुणे जायचे, ओळखीचे चेहरे, खाली माना घालून. बायको दारात बसून होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच खाल्लं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी कुत्र्यानंसुद्धा वास घेऊन तोंड फिरवलं!

तेव्हा बायको म्हणाली, "तुमचा देव पाच भाकरीत पाच हजार माणसं जेवू घालतो म्हणता न्हवं? मग आपल्याच घरात उलटं का? एवढं मोठं पातेलं, आन् खायला दोन माणसं!"

एवढं बोलून तिनं पातेलं घासायला घेतलं आणि घासता घासता रडायला लागली. मी राख आणून दिली आणि शेजारी बसलो.

* * *

सातातले एकेक कमी होत गेले. ड्रायव्हरची सोमेश्वरनगरच्या कारखान्यात सोय झाली, तो बायकापोरं घेऊन गेला. बाबा प्रभूकडे गेले. पास्टरांचं येणं दोन महिन्यांवर, मग फोनवर. फोनवर त्यांचा आवाज मात्र खणखणीत. "भाऊ, आपण एकटे नाही! सगळ्यांना जय ख्रिस्त सांगा!" मी सगळ्यांकडे बघितलं. सगळे म्हणजे लीलाकाकू, आणि त्यांना डुलकी लागली होती.

मग एका रविवारी काकू सतरंजीवर बसल्याच नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, पोरीचं जमतंय सुप्याकडं. पावणं चौकशी करायला येणार हायती. लगीन होस्तवर प्रभू समजून घेईल न्हवं?"

"घेईल की, काकू."

"तुमी?"

"मी बी."

काकू डोळ्याला पदर लावून गेल्या. मी खोटं बोललो नव्हतो. मला समजत होतं, राग नव्हता.

त्यानंतरचे सात-आठ रविवार मी एकटा. एकट्यानं गाणं म्हणून बघा कधी! दोन कडव्यांनंतर स्वतःचाच आवाज परका वाटतो. प्रार्थनेत 'आम्ही' म्हणायची सवय. 'आम्ही तुझ्याजवळ येतो' म्हणायचं आणि रिकाम्या सतरंजीकडे बघून अडखळायचं. देवावर शंका आली असं नाही. देव होता. पण माझ्यासारख्याच आणखी एका माणसाचं खोकणं, शिंकणं, उशिरा येणं, हे सगळं मला हवं होतं. ते नसताना विश्वास धरून ठेवणं फार जड जातं. कुणी दगड मारला असता तर छाती काढून उभा राहिलो असतो. इथं तर कुणी काहीच करत नव्हतं.

* * *

आता शेवटचा सांगतो. गेल्या हिवाळ्यातला. कारखाना चालू झालेला, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक.

त्या रविवारी मी दहाला सतरंजी अंथरली. सव्वादहापर्यंत बसलो. मग वाटलं, कुणासाठी हे? घरी कोपऱ्यात बसून केली प्रार्थना तर देव नको म्हणणार आहे का? पुढच्या रविवारपासून बंद. सतरंजी गुंडाळली, शटर खाली ओढलं आणि कुलूप लावायला वाकलो.

मागून आवाज आला, "काय झालं?"

वळून बघतो तर दादा! दोन ट्रॉल्यांमधून रस्ता ओलांडून आलेला.

"कुणी न्हाय आलं, दादा."

"कुणी न्हाय म्हंजे?" दादा भडकलाच. "मी न्हाय का आलो? दोन वर्सं येतोय! पावसाचा आलो, अंगात ताप असताना आलो. तुझ्या त्या पास्टरचे खाडे मोज, आन् माझा एक तरी दावून दे!"

त्यानं कुलपाकडं बोट केलं.

"साडेअकरापत्तुर असतंय न्हवं तुझं?"

"असतंय."

"मग? आत्ता कुठं साडेधा वाजल्यात. उघड."

मी शटर वर केलं. सतरंजी पुन्हा अंथरली. दादा आत आला नाही. परत रस्ता ओलांडून गेला, बाकावर बसला, चहा सांगितला. मी हळूच गाणं सुरू केलं. कसंबसं एक कडवं झालं. बाहेरून ट्रॅक्टर धडधडत गेला. तो जातो न जातो तोच समोरून दादा ओरडला,

"खंड्या, मोठ्यानं म्हण की! हितवर काय बी ऐकाय येत न्हाय!"