वन्संचा बारीक तंगूस

आमच्या वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीने, उभा जन्म शिंप्याच्या दुकानात काजं करण्यात काढला. नवरा गेल्यावर त्याची गळाची काठी उचलली आणि तळ्यावर जाऊन बसू लागल्या. बाईमाणूस गळ टाकतंय म्हणून लोक हसले. वन्सं हसणाऱ्यांकडे पाठ करून बसायला लागल्या, फरक पडला तो एवढाच.

मधल्या आजारपणापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. तेव्हापासून यांनी धोशा लावलाय की ताईने खोली सोडून आमच्याकडे राहायला यावं. काठावरून एकटीचा पाय घसरला तर? मायाच ती, नाही कशाला म्हणू. पण यांचं दुकान दोरखंडाचं. मायासुद्धा जाडजूड, करकचून बांधणारी.

काल बोलता बोलता गोष्ट पैजेवर आली. हे म्हणाले, तुझ्या हाताला मासा झेपत नाही, उद्या दोर तुटला तर काठी माळ्यावर आणि तू आमच्या घरी. वन्सं म्हणाल्या, कबूल.

आज वन्संच्या खोलीवर पोचलो तर त्या खिडकीत पाण्याने भरलेला काचेचा पेला धरून बसलेल्या. आत तंगुसाचे, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोराचे, दोन तुकडे. जाड तुकडा पाण्यात काडीसारखा दिसत होता. बारीक मला शोधावा लागला. काठीच्या चक्रीवर गुंडाळलेला दोर जाडच असतो. प्रश्न असतो तो गळाजवळच्या शेवटच्या हातभर तुकड्याचा. पाणी गढूळ असलं की जाड चालतो, खडकावर घासला तरी टिकतो. सध्या मात्र तळ्याचं पाणी नितळ आहे, आणि तिथला मासा दुधाने तोंड पोळलेला, गळ टोचून सुटलेला. आमिषापाशी येतो, हुंगतो आणि दोर दिसला की वळतो. शिवाय जाड तंगूस ताठ. आमिष फासावर लटकवल्यासारखं दिसतं.

यांनी खिशातून आपला जाड तुकडा काढला. हा लाव, म्हणाले, हात हलला तरी तुटणार नाही, तुलाच पैज जिंकून देतोय.

"त्याने म्हैस बांध," वन्सं म्हणाल्या. "मासा वळून गेला की तूच म्हणशील, ताईचा हात गेला."

तळ्यावर बराच वेळ काही नाही. हे उगाच चुळबुळत होते, मी नामस्मरण करत होते. मग दोर एकदम ताणला. चक्री कुरकुरत सुटली आणि वन्संनी ती सुटू दिली. बारीक तंगुसावर माशाशी ओढाताण करायची नसते. त्याला पळू द्यायचं, दमला की हळूच आपल्याकडे घ्यायचं. हात थरथरत होता, दोरही थरथरत होता, पण मासा काठाकडे येत होता. यांना तो हात बघवेना. पुढे झेप घेऊन यांनी चक्रीच गच्च धरली.

टणकन आवाज झाला आणि काठी सरळ झाली.

मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. "तुटला गं, ताई," हे पुटपुटले.

"तुटला नाही, तू तोडलास. पैज माझ्या हाताची होती, तुझ्या नव्हे."

हे म्हणाले, मला वाटलं तू पाण्यात ओढली जाशील. वन्सं म्हणाल्या, गेले असते तर भिजले असते.

मग त्यांनी डबीतून पहिल्याहूनही बारीक तुकडा काढला. टोक गळाच्या भोकात जाईना. कधी वर जायचं, कधी बाजूने. हे मदतीला सरसावले तशी मी यांची बाही धरली. लग्न झाल्यापासून यांना असं अडवलं नव्हतं. वन्संनी आमच्याकडे पाहिलंही नाही. शेवटी टोक गेलं. गाठीला थुंकी लावून त्यांनी ती सावकाश आवळली, उरलेलं शेपूट दाताने तोडलं आणि गळ टाकला.

त्यानंतर एकही मासा लागला नाही. ऊन उतरल्यावर परत निघालो. हे काठी धरायला गेले, वन्संनी दिली नाही. स्वतःच्या दाराचं कुलूप स्वतः उघडलं. त्यालाही वेळ लागला, पण आम्ही दोघं मध्ये पडलो नाही. मग हे चाचरत म्हणाले, "मग राहायला कधी येतेस?"

"तळ्यातले मासे संपले की."

दार लागलं. मी मनात म्हटलं, देवा, तळं भरलेलं ठेव.