मुठीचा डबा

घर सोडलं त्या सकाळी चुलीवर भात होता. नूनं, म्हणजे माझ्या आईनं, तांदूळ धुण्याआधी नेहमीप्रमाणे एक मूठ कोपऱ्यातल्या बांबूच्या डब्यात टाकली होती. भाताला उकळी आली आणि पा, म्हणजे वडील, धापा टाकत आत आले. म्हणाले, "आत्ताच निघायचं." ओझी वाहायला पुरुषांना धरून नेणारे सैनिक खालच्या वस्तीपर्यंत आले होते. मागच्या खेपेला त्यांनी पांना नेलं, तेव्हा परत आल्यावर तीन महिने त्यांना उजवा हात वर करता येत नव्हता. नूनं मला पाठीशी बांधायला घेतलं. मी नऊ वर्षांची घोडी, माझे पाय जमिनीला टेकत होते. आत्याचा गुडघा धरलेला, डोंगरातली तीन दिवसांची वाट तिला झेपणारी नव्हती. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जा तुम्ही. भात मी उतरवते."

आत्या, हे तुलाच लिहितेय, आणि लिहितेय मराठीत. रागावू नकोस. फोनवर आपल्या भाषेत वाचून दाखवीन, पण कागद पुढे ओढला की हात मराठीतच चालतो. पंधरा वर्षं नाशिकमध्ये काढल्यावर दुसरं काय होणार? आमच्याबरोबर निघालेली दोन कुटुंबं पुढे ऑस्ट्रेलियाला गेली. त्यांच्या पोरांना मात्र हे वाचता येईल. त्यांनीही माझ्या शेजारी बसूनच बाराखडी घोटली आहे.

म्यानमारची हद्द ओलांडल्यावर आधी मिझोराम, मग दिल्लीतली एक कोंदट खोली, आणि तिथून नाशिक. दिल्लीतल्या आमच्या पाळकांचे एक वर्गमित्र नाशिकच्या एका चर्चचे पाळक होते. तीन कुटुंबांना घ्यायचं का, यावर त्या मंडळीत म्हणे दोन रविवार खल झाला. आपल्याच पोरांना कामं नाहीत आणि हे कुठून आणायचे, असंही काहीजण म्हणाले. खोटं कशाला सांगू? मला हे त्यांच्यातल्याच एकानं, आमच्याच घरी जेवताना सांगितलं. पण आम्ही उतरलो तेव्हा चर्चच्या आवारातल्या खोल्यांना ताजा चुना दिलेला होता. बाज होती, गोधड्या होत्या, आणि डोंगरातली माणसं येणार म्हणून कुणीतरी ऐन मे महिन्यात पाच स्वेटर आणून ठेवले होते. पोलिसांकडे नोंद करायला पाळकसाहेब स्वतः आले आणि आमच्याबरोबर बाकावर चार तास बसले. पांना मखमलाबादच्या एका मळ्यात गुलाब तोडायचं काम लागलं. मला शाळेत घातलं. उपकार मोजायला बसले तर हा कागद पुरायचा नाही.

आमची जबाबदारी होती मार्थाबाईंकडे. भगिनी मंडळाच्या त्या प्रमुख, आणि माझ्याच शाळेत आया. मूळच्या घोटीच्या. आवाज असा, की मैदानातली पोरं हाक ऐकूनच रांगेत उभी राहायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या अर्धं पोतं तांदूळ घेऊन आल्या. नूनं भात लावला आणि सगळाच घोळ झाला. काही शितं पार गिचका, काही दाताखाली कच्ची. पा म्हणाले, "इथला तांदूळ वेगळा दिसतो." नूनं पोत्यात हात घालून तांदूळ सुपात पसरला. घोटीकडचा आखूड इंद्रायणी, बारीक कोलम, रेशनचा जाडा, मधेच कुठल्या तरी लग्नातून उरलेला लांबलचक बासमती. ती एकेक दाणा बोटानं वेगळा करत राहिली. मग म्हणाली, "हा विकतचा नाही. ही मूठ आहे."

आपल्या गावी होतं तेच इथेही होतं, आत्या. बाईनं रांधायला घेतलेल्या तांदळातून आधी एक मूठ देवाच्या नावानं काढायची, डब्यात साठवायची, चर्चमध्ये न्यायची, आणि ती ज्याला गरज त्याच्या घरी जायची. नू त्या कच्च्यापक्क्या भातापुढे बसून रडली आणि तो सगळा भात तिनं संपवला. दुसऱ्या सकाळपासून त्याच पोत्यातून एक मूठ बाजूला पडायला लागली.

रविवारी उपासनेनंतर तिनं ती रुमालात बांधून मार्थाबाईंपुढे धरली. मार्थाबाईंनी गाठ सोडून पाहिली आणि रुमाल परत तिच्या हातात कोंबला. "अगं बाई, तुलाच दिलेलं तू परत काय आणती? नाय नाय. पोरीला घाल."

सगळ्या बायका मायेनं हसल्या. नूही हसली. घरी येऊन तिनं तो तांदूळ पोत्यात ओतला आणि पुढचे दोन रविवार डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिली. बायकांना वाटलं, भात नीट होत नाही म्हणून रुसली. त्यांनी वर्गणी काढून एकाच जातीचा, निवडलेला, दुकानातला पांढराशुभ्र तांदूळ पाठवला. नूनं पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता आपण पाहुणे झालो. पाहुण्यांना दुकानातलं आणतात." मग पांकडे वळून म्हणाली, "ज्या घरातून मूठ निघत नाही, ते घर नसतं. दिल्लीला परत जाऊ."

ती खरंच जाईल हे मला कळलं होतं. मला शाळा आवडायला लागली होती, पा कितीतरी दिवसांनी शीळ घालत होते. घरात मराठी येत होती फक्त मला, तीही तोडकीमोडकी. खोली त्यांची, तांदूळ त्यांचा, आणि मी तक्रार घेऊन जायची? मधल्या सुट्टीत मार्थाबाई व्हरांडा पुसत होत्या. मी मूठ आवळून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, "आई देते. तुम्ही नाही घेता. आई रडते. आई जाते."

त्यांनी मला दोनदा बोलायला लावलं. मग ओलं फडकं बादलीत टाकून त्या खालीच बसल्या. "मी घोटीहून लग्न होऊन आले ना, तवा सासूनं वरीसभर मला चुलीला हात लावू दिला नाय. म्हणायची, दमशील. लय लाड. पण लय लागायचं गं ते," त्या म्हणाल्या. "आन आता मीबी तेच केलं."

त्याच संध्याकाळी त्या दारात हजर. काखेत बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यावर रंगानं लिहिलेलं माझ्या वडिलांचं नाव. मंडळीतल्या प्रत्येक घराला असा डबा असतो. त्यांनी तो नूपुढे आपटला. "दोन रविवारची मूठ राहिलीय तुमची! कुठंय?"

मी भाषांतर केलं. गाव सोडल्यापासून नू खळखळून हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तांदळाच्या मोठ्या पातेल्यात दोन्ही हात घालून ती मुठीमागून मुठी डब्यात टाकत राहिली. शेवटी मार्थाबाईच ओरडल्या, "बास कर, उद्या काय खाशील?"

पुढे काही वर्षांनी ऑस्ट्रेलियाचे कागद आमचेही आले. पा म्हणाले, "मळ्यातली कलमं आत्ता कुठे धरलीत." नूनं मुठीचा डबा आवरून ठेवला नाही. आम्ही राहिलो.

मागच्या महिन्यात आपल्याच डोंगरातलं एक कुटुंब मंडळीनं आणलं. बाई माझ्याहून लहान, पाठीशी बाळ. दुसऱ्याच रविवारी ती रुमालाची गाठ घेऊन पुढे आली. भगिनी मंडळातल्या एक नव्या ताई प्रेमानं म्हणाल्या, "अहो, राहू द्या, तुम्हालाच लागेल." नू बाकावरून ताडकन उठली. "घे तिची मूठ! नाय म्हणू नको!" तिची सगळी मराठी मार्थाबाईंकडून शिकलेली, त्यामुळे नाशकात राहून ती घोटीचंच बोलते. काठी टेकत बसलेल्या मार्थाबाईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

तुला मी हे फोनवर सांगितलं, आत्या. घर सोडलं त्या सकाळबद्दल इतक्या वर्षांत आम्ही तुला काही विचारलं नव्हतं. धीरच झाला नाही. त्या दिवशी तूच म्हणालीस, "तो भात उतरवला मी. खालून लागला होता, तरी खाल्ला. आणि तुझ्या आईनं डब्यात टाकलेली मूठ रविवारी नेऊन दिली. तुमच्या घराची मूठ चुकली नाही."

मी नूला सांगितलं. ती संध्याकाळचा तांदूळ काढत होती. तिनं एक मूठ पत्र्याच्या डब्यात टाकली, आणि उरलेल्यात पाणी ओतलं.