अक्काने पुसलेले आकडे

घड्याळाच्या मनोऱ्यापासून घोडेस्वाराच्या पुतळ्यापर्यंतचा रस्ता अक्काचा. कागदोपत्री तो नगरपालिकेचा, पण रोज झाडायची ती, म्हणून तिचाच. झाडताना कचरा पुढे ढकलत नसे, स्वतःकडे ओढून घेई. ढकललं की धूळ दुकानांत जाते. ओढल्याने पाठ भरून येते. तिची येत असणार. तिने कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नवरा गेल्यावर तिने हा खराटा हातात घेतला आणि याच रस्त्यावर मुलीला वाढवलं. पोर सलूनच्या पायरीवर बसून अभ्यास करायची, आई समोर झाडायची.

मी फरशी बसवणारा. त्या रस्त्याखाली नवे नळ टाकायचे ठरले तेव्हा आमची टोळी तिथे आली. दगड जुने, हाताने घडवलेले, एकासारखा दुसरा नाही. ज्याची जागा त्यालाच बसते. म्हणून उचलताना प्रत्येकावर खडूने आकडा टाकायचा आणि त्याच क्रमाने परत मांडायचं. रंगाचा डाग राहतो, म्हणून खडू. दगड मनोऱ्याच्या पायथ्याशी रचले, रस्ता नळवाल्यांच्या ताब्यात दिला आणि आम्ही दुसऱ्या कामावर गेलो.

अक्का तेव्हा आजारी बहिणीकडे होती. परत आली तर रस्ता खणलेला आणि दगडांवर खडूच्या रेघोट्या. तिच्या रस्त्यावर लिहिलेलं काही टिकत नसे. जाहिरात असो की पोरांचा खेळ, पाणी मारायचं आणि घासायचं. तिने एकूण एक दगड घासून काढला. नळ पुरून झाल्यावर आम्ही परत आलो तर दगड लख्ख.

"कोणी धुतले हे?" मी ओरडलो.

"मी. आभार नंतर मान."

आकडे कशासाठी होते ते सांगितल्यावर ती दगडांच्या ढिगावर मटकन बसली.

दुपारी तिचा मुकादम आला. रस्ता खुला व्हायची तारीख तोंडावर होती. "रस्ता होता तसा झाला नाही, तर तुझी बदली कचरा डेपोवर," तो म्हणाला. "तिथे घास हवं तेवढं."

"डेपोवर धाडायला मी काय कचरा आहे?" अक्का म्हणाली. तो गेल्यावर ती ढिगावरून उठली. "आकडे गेले, दगड कुठे गेलेत? चल, दाखव एकेक."

ती दगडावर हात फिरवायची आणि सांगायची. हा टपालाच्या दारातला, रांगेत पाय घासून घासून मधोमध खोलगट झालेला. या दगडावर हातगाडीचं चाक वळायचं, कडा बघ कशी गोल झालीय. दुकानदार जमले. ज्याला त्याला आपल्या दारातला दगड ओळखायचा होता.

"हा माझा," सलूनवाला म्हणाला. "माझी गिऱ्हाइकं याच्यावर सिगारेट विझवतात."

"हे खड्डे हातोडीचे आहेत," चावीवाला म्हणाला. "तुझी गिऱ्हाइकं हातोडीने सिगारेट विझवतात काय?"

"तुझा नेम बघता हातोडी माझ्या दारापर्यंत येतच असेल!"

दगड सलूनपुढे बसेना. चावीवाल्याच्या जागेत चपखल बसला. चावीवाल्याने त्यावर लगेच आपलं खोकं मांडलं, न जाणो कोणी उचलून नेईल म्हणून.

अक्काही चुकली. एक भलामोठा दगड औषधाच्या दुकानापुढचा म्हणून तिने छातीठोकपणे सांगितला. चौघांनी उचलून नेला, बसेना. जागेत उतरवलेला दगड परत काढणं म्हणजे कंबरडं मोडणं. आम्ही वाकायच्या आत तिने पहार घेतली. "चुकले मी, तर आधी जोर मी लावते." आणि लावला. नुसतं चुकलं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पुतळ्याजवळ मात्र अडलो. तिथले दगड कोरे, झीज म्हणून नाही. लोक लांबूनच घोडा बघतात आणि निघून जातात.

"याच्याकडे कोणी फिरकत नाही रे," अक्का म्हणाली. "मी तेवढी रोज घोड्याखाली जाऊन येते."

मग मी दोरी आणि काटकोन तपासायचा गुण्या काढला. एकेक दगड फिरवून, सगळ्या बाजूंनी लावून बघितला. सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

शेवटचा दगड बसला त्या दिवशी मुकादम आला तो अक्काचीच बादली उचलून. त्याने मनोऱ्याकडच्या चढावरून पाणी ओतलं. फरशी नीट बसली असेल तर पाणी कुठेही न थांबता गटाराला लागतं. आम्ही सगळे पाण्याबरोबर चालत निघालो. टपाल गेलं, सलून गेलं. औषधाच्या दुकानापुढे पाण्याचं तळं झालं.

मुकादमाने अक्काकडे बघितलं. "हे काय?"

आतून औषधवाला ओरडला, "ते पहिल्यापासून थांबतं हो! अर्ज देऊन देऊन हात दुखले माझे!"

सगळे हसले. अक्का हसली नाही. "होता तसा म्हणालात ना मुकादम? मग हे घ्या. तळ्यासकट आहे."

मुकादमाला हसू आवरेना. "बरं बाई, डेपोचं राहू दे," म्हणत त्याने बादली तिच्या हातात दिली.

त्याचं भागलं होतं. माझं भागेना. तळं ठेवून घरी गेलो असतो तर जेवण गेलं नसतं. तळ्याखालचा दगड उचलला, खाली वाळू भरली, ठोकून बसवला. अक्काने पुन्हा पाणी ओतलं. सरळ गटारात गेलं.

"वा!" तिने खराटा उचलला. "आता तो औषधवाला अर्ज कशाचा करणार?"