वर केलेला हात

दुष्काळाचं साल होतं. दोघे थोरले भाऊ जनावरं घेऊन चारा छावणीत, धाकटा पुण्याला कंपनीत. नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना बीडच्या दवाखान्यात मी एकट्यानंच आणलं.

आबा वीस वर्षं गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते. ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा, हा त्यांचा नियम. सगळे हो म्हणाले तरी मागे बसलेल्याला हुडकून विचारायचे, "तुमचं काय? गप बसल्याला होकार धरत न्हाई मी." बैठका त्यामुळे लई लांबायच्या. आम्ही पोरं वैतागायचो.

डॉक्टर म्हणाले, "श्वास कमी पडतोय. नळी घालून मशीनवर घ्यायचं का, तासाभरात सांगा. या वयात मशीन सुटेलच असं नाही."

एवढं मोठं मी एकट्यानं कसं ठरवायचं? आयसीयूत आबांच्या खाटेशेजारी उभा राहून मी फोन लावत सुटलो. थोरला म्हणाला, "तू तिथं हायस, तूच ठरव." मधला म्हणाला, "थोरल्याला इचार." धाकटा म्हणाला, "दादा, तुमी म्हणाल तसं." चुलत्यांनी मात्र फर्मान काढलं, "घाला नळी. लोक म्हणतील, चार पोरं असून म्हातारं तसंच जाऊ दिलं." मला हायसं वाटलं. कुणीतरी ठरवलं होतं.

तेवढ्या वेळात आबांनी दोनदा हात वर केला. तोंडावर मास्क होता, डोळे टक्क उघडे. मला वाटलं, सलाईन टोचतंय. मी तो हात खाली दाबला. म्हणालो, "आबा, सुई निघंल, गप पडा."

मग सही केली.

नळी घातल्यावर बोलणं संपलंच. त्यांना झोपेचं औषध चालू होतं. पुढचे नऊ दिवस मी बाहेरच्या बाकड्यावर काढले. समोर आमच्या गावाकडून येणारी नेकनूरची बस थांबायची. आपलं कुणी उतरतंय का, ते बघत राहायचो. छावणीतून जनावरं सोडून येणार कोण? राग धरायलाही जागा नव्हती.

त्या बाकड्यावरच एका दुपारी मला सोसायटीची बैठक आठवली, अन् तो वर केलेला हात. सगळ्या भावकीला विचारलं होतं मी, खाटेवरच्या माणसाला सोडून. नळी घाला म्हणाले असते की घरी न्या म्हणाले असते, कोण जाणे.

दहाव्या दिवशी आबा गेले. भाऊ आले, गळ्यात पडून म्हणाले, "तू एकट्यानं लई केलंस."

तो हात मी खाली दाबला होता, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.