पंपघराच्या दारामागची नोटीस

मैदानाच्या राखणदाराला सगळे आबाच म्हणत. मैदान सांभाळणाऱ्या समितीच्या नोकरीत सव्वीस वर्षं गेली. गवत कापायचं, नळ बंद करायचे आणि वरून आलेला कागद लावायचा. चुरगळलेला कागद त्यांना खपत नसे. फाटकावर लावला की दोन दिवसांत वारा न्यायचा, उरलासुरला पोरं ओरबाडायची. म्हणून ते प्रत्येक नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंपघराच्या दाराला आतून लावत. कागद कोरा करकरीत राहायचा. फवारणी मंगळवारी, नळदुरुस्ती शुक्रवारी. असलं वाचतंय कोण? आबासुद्धा वाचत नसत.

त्या सकाळी दोघंजण फीत घेऊन मैदान मोजत होते. चुन्याची रेघ बायकांच्या बाकाखालून गेली, तशी आबांची बायको उठून उभी राहिली.

"कसलं माप हे?"

"गोदामं येतायत, मावशी," समितीचा कारकून म्हणाला. "जागा मैदानासाठी राखीव असली तरी भाड्याने द्यायचा अधिकार समितीला आहे. जागेवर तीस दिवस नोटीस लावायची. लेखी हरकत आली नाही की झालं. एकही आली नाही."

"नोटीस बघितली कुणी?"

"ते घरातच विचारा की."

आबांनी पंपघर उघडलं. चष्मा लावून नोटीस पहिल्यांदाच वाचली. मुदत कालच संपली होती.

कारकुनाने छापील दाखला पुढे केला. "नोटीस तीस दिवस जागेवर होती, एवढंच आहे. होती ना?"

"होती."

"मग करा सही."

"यांनी उभ्या जन्मात खोटं लिहिलं नाही," बायको म्हणाली. "आज खरं लिहितात का बघू."

आबांनी पेन घेतलं. छापील ओळीखाली सावकाश लिहिलं, 'कुलूपबंद पंपघरात, दाराच्या आतून. कुणालाही दिसली नाही. चूक माझी.' मग सही केली.

कारकून रागावला नाही. तेच आबांना बरं वाटलं नाही. त्याने दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली. "कागद छान जपता तुम्ही, आबा. पण दाखला समिती नेमेल त्याचा कुणाचाही चालतो, बरं का."

दुसऱ्या दिवशी पंपघराला नवं कुलूप होतं. आबांची किल्ली त्यात शिरेना. मागे वळले तर फाटकावर तीच नोटीस, त्यांच्याच पिशवीतून काढलेली, महिन्यापूर्वीच्या तारखेची. एक सुरकुती नाही. कारकून मोबाईलवर तिचा फोटो काढत होता. त्याने आबांना हातानेच खूण केली, जरा बाजूला व्हा.