कॅमेरा बंद करताना

इथे जर्मनीत माझ्या ऑफिसात दुपारच्या जेवणाला हल्ली एकच विषय असायचा: कोरियातल्या नवरा-बायकोंचे व्हिडिओ. दोघं कामावरून येतात, चपला सरळ लावून ठेवतात, कांदा चिरतात, जेवतात, भांडी घासतात. बस. माझ्या जर्मन मैत्रिणीला त्यातला एक शब्द कळत नाही, तरी ती रोज बघते. मीही बघायचे. इतकं दमूनही माणसं इतकी शांत कशी राहतात, याचा मला हेवा वाटायचा.

तिकडे पुण्यात सासूबाईंची कुरकुर चालूच होती. "फोनवर नुसतं 'ठीक आहे' म्हणता. त्यात काय कळतं मला?" म्हणून मग आम्हीही चॅनल काढलं. हौसेला मोल नसतं, आणि आमच्या हौसेला प्रेक्षकही नव्हता. नेमानं बघणाऱ्या एकट्या सासूबाई.

नव्याचे नऊ दिवस संपले. बॉबलिंगेनच्या आमच्या स्वयंपाकघरात शांतता म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधली. नवरा कामावरून दमून यायचा आणि मी त्याला परत दाराबाहेर पाठवायचे, कारण आत येताना कॅमेऱ्यात त्याचं तोंड आंबट दिसायचं. "नॉखमाल? पुन्हा?" एवढंच विचारून बिचारा बॅग उचलायचा आणि दुसऱ्यांदा हसत यायचा. मग जेवण गार होईपर्यंत आम्ही गोड वागायचो. कॅमेरा बंद झाला की एकमेकांशी बोलायचंही अंगात त्राण उरायचं नाही. मला हे सगळं थांबवायचं होतं. पण सासूबाईंना लेक दिसायचा तो तेवढाच. ते मी कुठल्या तोंडानं बंद करणार?

शेवटी एका रविवारी धीर करून फोन केला. "अहो आई, थोडे दिवस व्हिडिओ नाही जमणार. कामं फार आहेत."

"नकोच करूस," त्या म्हणाल्या.

मला लागलंच ते. "आवडत नाहीत का तुम्हाला?"

"अगं, बाकीचा व्हिडिओ मी पुढे पळवते. शेवटी तू कॅमेरा बंद करायला जवळ येतेस ना, तेव्हा हसू उतरलेलं असतं तुझं. तेवढं थांबवून बघते. रोज वाटतं, हिला म्हणावं, झोप गं जरा."

मला रडू आलं.

सोमवारी नवरा आंबट तोंडानं घरी आला. मी त्याला तसाच आत घेतला. जेवलो, भांडी तशीच टाकली आणि झोपलो.